ओखामंडळचा चिखल

द्वारकेची यात्रा घडलेली नाही असे बडोद्यातले जुने मराठी घर क्वचितच सापडेल. ओख्याहून होडीने बेटद्वारकेला जाताना ओहोटीची वेळ असली, म्हणजे किनाऱ्याला उघडा पडलेला चिखल आणि त्यातली खुरटी झुडपे दिसत. बायका नाकाला पदर लावीत. २०२४ साली पूल झाल्यापासून तेवढेही पाहणे उरले नाही.

हा मुलूख १९४९ पर्यंत गायकवाडीचाच. तिथल्या समुद्रात काय दडले आहे हे पाहण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या जाणकारास पाचारण केले. त्याचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत छापला गेला. दरबारची नजर मोत्यांवर होती, हे कबूल केले पाहिजे. गोव्याच्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी जी पातळ शिंपली बसवीत, तीही या किनाऱ्याला मिळते.

परंतु खरी दौलत त्या खुरट्या झुडपांतच आहे. गुजराथीत त्यांना चेर म्हणतात, कोकणात तिवर. मुळ्या चिखलातून खुंट्यांसारख्या वर येऊन श्वास घेतात, पाने नको ते मीठ बाहेर टाकतात. त्या मुळ्यांच्या आसऱ्याला कोळंबीची व मासळीची पिल्ले वाढतात. कोळ्याच्या जाळ्यात पुढे पडते त्यातले कितीतरी इथेच वाढलेले असते. लाटांचा जोर इथे मोडतो, गाळ धरून राहतो. कच्छचे खराई उंट तर हा पाला खाण्यासाठी खाडी पोहून जातात!

चेराच्या पुढे, उथळ पाण्यात, समुद्रगवत. हे शेवाळ नव्हे. याला मुळे आहेत, फुले येतात आणि परागही पाण्यातूनच वाहत जातात. हिरवे कासव ते खाते. समुद्रगाय तर त्याच्यावरच जगते. पिलाला दूध पाजणारा हा शांत प्राणी आज भारतात कच्छचे आखात, तमिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार एवढ्याच ठिकाणी उरला आहे.

आखातात १९८२ साली देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, हे चांगलेच. तरी मिठागरांनी व बंदरांनी पुष्कळ चेर गिळला. तो पुन्हा लावता येतो, आणि गुजराथेत लावलाही जात आहे. गवताचे तसे नाही. त्याला ऊन हवे. पाणी गढूळ राहिले की ते मरते. समुद्रगाईची मादी तर तीन ते सात वर्षांनी एकच पिलू देते.