दार उघडे, कपाटही उघडे!

आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्यासाठी एक वेब ॲप्लिकेशन केले. भाड्याच्या सर्व्हरवर ते सुरू झाले, कौतुकही झाले. आठ दिवसांनी एका मुलीचा फोन आला, "सर, पत्त्यापुढे 'अपलोड्स' लिहिलं की सगळ्यांचे जातीचे दाखले दिसतात!" आम्ही उघडून पाहिले. दाखले, उत्पन्नाची प्रमाणपत्रे, पासबुके, सारे ओळीने मांडलेले. कुणी हॅकर आला नव्हता. दार आम्हीच उघडे टाकले होते!

आम्ही वकील, संगणकतज्ज्ञ नव्हे. पण अशिलाचे कागद चव्हाट्यावर येणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. त्या रात्री पोरांसोबत बसलो.

वेब सर्व्हर म्हणजे कचेरीच्या खिडकीवरचा कारकून. आमचा कारकून १९९५ पासून चालत आलेला अपाचे. फोल्डरात मुख्य पान नसेल, तर हा आतल्या फायलींची यादीच दाखवतो. सेटिंगमधल्या 'ऑप्शन्स'च्या ओळीतून 'इंडेक्सेस' काढले की यादी बंद. पण तेवढ्याने भागते काय? फाइलचे नाव ओळखले की कागद मिळतोच! म्हणून कागद सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर हलवले. आता लॉगिन तपासून ॲप्लिकेशनच ते देते, ज्याचे त्याला.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. अपलोड होईना म्हणून एकाने फोल्डरला ७७७ परवानगी दिली होती, म्हणजे त्या यंत्रावरच्या कुणीही वाचावे, लिहावे, पुसावे. ॲप्लिकेशन ज्या खात्याने चालते, त्या एकालाच हक्क दिला आणि काम झाले. ॲप्लिकेशन आता फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे यंत्राच्या आतच ऐकते. बाहेरच्या जगाला दिसतो तो पुढचा अपाचे, पोर्ट ४४३ वर. डेटाबेसचे पोर्ट बाहेरून बंद.

"पण सर, आपल्याकडे कुलूप होतं ना?" एक पोरगा म्हणाला. होते. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र फुकट देते. पण ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी. खिडकीवरचा कारकूनच कागद वाटत असेल, तर कुलूप काय करणार?

मग ॲक्सेस लॉग वाचला. कोणत्या आयपीवरून, कधी, कोणती फाइल मागितली, सारे त्यात असते. काही पत्ते आमच्या ओळखीचे नव्हते. ते लपवायचे नाही असे ठरले आणि प्रत्येक अर्जदाराच्या घरी फोन केले. एका बापाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, मग आमचे कागद परत कधी मिळणार?"