मोटारीच्या पाटीवरचा फसवा गुणाकार

तापीकाठचं बुऱ्हाणपूर यंत्रमागांवर चालतं आणि जिल्ह्यातली शेती मोठ्या प्रमाणावर केळीवर. दोन्ही धंद्यांचा जीव मोटारीत अडकलेला. मागाला साधारण एक एचपीची मोटार, बोअरवर पाच-साडेसात एचपीची. त्यामुळे व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट आणि भागलं की ओहम, हे शाळेतलं गणित इथं रोज कुणी ना कुणी मांडतच असतं. सूत्रं चुकीची नाहीत. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहमने १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध केला, तो अजून तसाच उभा आहे. घोळ होतो तो सूत्र कशाला लावायचं यात.

मागावरच्या थ्री-फेज मोटारीची पत्र्याची पाटी पुसून पाहिली, तर साधारण असं दिसतं: ४१५ व्होल्ट, १.८ अँपिअर, ०.७५ किलोवॅट. गुणाकार केला की येतात ७४७ वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. उत्तर इतकं चपखल बसल्यावर शंका कोण घेणार? पण हा निव्वळ योगायोग आहे, आणि म्हणूनच हा गैरसमज इतका चिवट आहे.

पाटीवरचे ०.७५ किलोवॅट म्हणजे मोटार शाफ्टवर देते ती ताकद. मीटर मोजतो ती मोटार ओढते ती वीज. थ्री-फेजमध्ये ती काढायला व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकाराला आणखी १.७३२ ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. एवढ्या लहान मोटारीचा पॉवर फॅक्टर पूर्ण भारावर ०.७५ च्या आसपास असतो. हिशेब होतो सुमारे ९७० वॅट. त्यातले ७४६ शाफ्टवर पोचतात, उरलेले मुख्यतः उष्णता होऊन मोटारीच्या अंगातून बाहेर पडतात. २४ माग दहा तास पूर्ण भारावर चालले, तर चुकीच्या गुणाकाराने १७९ युनिट निघतात आणि खऱ्या हिशेबाने २३३. माग सतत पूर्ण भारावर नसतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल. तरी बिल पाहून ‘मीटर पळतो’ अशी तक्रार करण्याआधी हे गणित एकदा मांडायलाच हवं.

भागाकाराची गत याहून वाईट. ४१५ भागिले १.८ म्हणजे २३० ओहम, हा मोटारीचा रोध नव्हे. वीज बंद करून मल्टिमीटर लावला, तर वायंडिंगचा रोध त्याच्या कितीतरी खाली दिसतो. तेवढ्यावरून ‘वायंडिंग शॉर्ट झालं’ असं ठरवून मोटार रिवायंडिंगला पाठवणं म्हणजे खिशाला विनाकारण चाट. चालू मोटारीचा करंट मुख्यतः तारेच्या रोधाने आवरला जात नाही. वेटोळ्यांभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र उलट दाब निर्माण करतं आणि तोच करंटला आवर घालतो. सुरू होताना, रोटर थांबलेला असल्याने, हा आवर पुरेसा नसतो. म्हणून स्टार्टर दाबताच क्षणभर पाच-सहा पट करंट उसळतो.

मग साधं सूत्र जसंच्या तसं कुठे चालतं? पाणी तापवायच्या रॉडला. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या रॉडचा रोध सुमारे ५३ ओहम. दाब १८० वर घसरला की करंट ३.४ अँपिअरवर येतो आणि ताकद ६१२ वॅटवर, म्हणजे पाणी उशिरा तापतं, एवढंच. मोटार मात्र असं समजून घेत नाही. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून दाब दहा टक्के घटला की करंट जवळपास अकरा टक्के वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने वायंडिंगमधली ऊब सुमारे २३ टक्क्यांनी चढते. ‘व्होल्टेज कमी म्हणजे वीज कमी, म्हणजे मोटारीला आराम’ या समजुतीने लाइनच्या टोकाला असलेल्या अनेक बागांतल्या मोटारी उन्हाळ्यात जळतात.

रोधाचं गणित शेतकऱ्याला खरं उपयोगी पडतं ते केबलला. बागेतली पाच एचपीची मोटार खांबापासून ३०० मीटरवर आहे, तांब्याची केबल २.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि करंट ८ अँपिअर आहे, असं धरू. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.२. प्रत्येक तारेत जवळपास १८ व्होल्ट जिरतात आणि तिन्ही तारा मिळून ४२६ वॅट नुसत्या तापण्यात जातात. मीटर खांबाशी असेल तर त्याचेही पैसे शेतकऱ्याच्या बिलात. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घातली, तर नासाडी १७७ वॅटवर येते.

‘रोध जास्त तिथे उष्णता जास्त’ हेही अर्धंच खरं. एकाच २३० व्होल्टवर २००० वॅटच्या गिझरचा रोध १००० वॅटवाल्याच्या निम्मा असतो, तरी तापतो तोच जास्त. पण करंट ठरलेला असेल, तर उलट घडतं. स्टार्टरच्या सैल झालेल्या स्क्रूखाली अर्धा ओहम रोध तयार झाला आणि त्यातून ८ अँपिअर गेले, तर ३२ वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत साठते. प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं, तारेचं इन्शुलेशन कडक होऊन तडकतं आणि जळका वास येतो. मोटारीत खोट शोधण्याआधी वीज तोडून हा स्क्रू आवळून पाहायला पेचकसाशिवाय काही लागत नाही.

आणखी एक खूळ म्हणजे घरच्या प्लगमध्ये लावायची ‘पॉवर सेव्हर’ डबी. तिच्यात बहुधा लहानसा कपॅसिटर असतो. कारखान्यात योग्य मापाचा कपॅसिटर लाइनमधला करंट उतरवतो, केबलमधली उष्णता घटवतो आणि पॉवर फॅक्टरवरचा अधिभार वाचवतो. मोटार स्वतः ओढते ते ९७० वॅट मात्र तो कमी करत नाही. घरगुती बिलात युनिट मोजले जातात ते वॅटचे, त्यामुळे डबी लावली काय नि काढली काय, बिल जवळपास तेवढंच येतं.