धनिकांचा कर : प्रश्न दराचा नव्हे, उत्पन्नाच्या व्याख्येचा

नवी दिल्ली : एका व्यक्तीला वर्षाला ३ कोटी रुपये वेतन मिळते. दुसरी व्यक्ती वर्षभराहून अधिक काळ बाळगलेले सूचिबद्ध समभाग विकून तेवढाच नफा मिळवते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठीच्या नव्या करप्रणालीनुसार पहिल्या व्यक्तीला अधिभार आणि उपकरासह सुमारे १ कोटी ११ लाख रुपये प्राप्तिकर भरावा लागतो, तर दुसरीला सुमारे ४४ लाख रुपये. दोघांपैकी कोणीही कर चुकवलेला नाही. मोठ्या कंपन्या आणि धनिक पुरेसा कर भरतात का, ही चर्चा बहुधा करचुकवेगिरीपासून सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. वादाचा खरा गाभा मात्र अशा पूर्णतः कायदेशीर तफावतीत आहे.

वेतनावरील कमाल दर ३० टक्के. नव्या प्रणालीत २ कोटींपुढील उत्पन्नावर २५ टक्के अधिभार आणि त्यावर ४ टक्के उपकर धरला, की सर्वोच्च टप्प्यावरील दर ३९ टक्क्यांवर जातो. समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफ्याला साडेबारा टक्के दर लागू आहे. त्यावरील अधिभार १५ टक्क्यांच्या पुढे जात नसल्याने एकूण आकारणी १५ टक्क्यांच्या आतच थांबते. २००४ ते २०१८ या काळात तर हा नफा संपूर्ण करमुक्त होता. २०१८ मध्ये त्यावर १० टक्के आणि जुलै २०२४ मध्ये साडेबारा टक्के कर आला.

शिवाय हा कर समभाग विकल्यावरच द्यावा लागतो. एखाद्या उद्योगपतीच्या समभागांचे मूल्य वर्षभरात हजारो कोटींनी वाढले, तरी विक्री होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ते उत्पन्न नव्हे. कंपनीवरील नियंत्रण टिकवायचे असल्याने प्रवर्तक सहसा विकत नाहीत. पैशांची गरज भासल्यास समभाग तारण ठेवून कर्ज काढता येते. पगारदाराचा कर मात्र वेतन हाती येण्यापूर्वीच उगमस्थानी कापला जातो. भांडवली नफ्यावरील सवलतीच्या समर्थनार्थ सांगितले जाते की गुंतवणूकदार जोखीम पत्करतो आणि कंपनीने आपल्या नफ्यावर आधीच कर भरलेला असतो. या युक्तिवादात तथ्य आहे. म्हणूनच कंपन्या स्वतः किती भरतात, हे पाहणे भाग पडते.

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजी येथे वस्तू आणि सेवा कर परिषदेच्या बैठकीपूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. करसवलती सोडून देणाऱ्या देशी कंपन्यांसाठी दर २२ टक्के, म्हणजे अधिभार व उपकरासह २५.१७ टक्के झाला. नव्या उत्पादन कंपन्यांना १५ टक्क्यांचा दर देण्यात आला. यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचा तेव्हाचा अंदाज होता. गुंतवणूक आणि रोजगार वाढावेत, हा उद्देश होता.

त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. २०१८-१९ मध्ये कंपनी करातून सुमारे ६.६४ लाख कोटी रुपये आणि व्यक्तिगत प्राप्तिकरातून ४.७३ लाख कोटी रुपये जमा झाले होते. २०२३-२४ मध्ये कंपनी कर ९.११ लाख कोटींवर गेला, तर व्यक्तिगत प्राप्तिकराने १०.४५ लाख कोटींचा टप्पा गाठला. पाच वर्षांत व्यक्तींचा भरणा दुपटीहून अधिक झाला आणि कंपन्यांचा दीडपटही झाला नाही. याच काळात नफा रोडावला होता, असेही नाही. २०२३-२४ मध्ये कंपन्यांची नफाक्षमता १५ वर्षांतील उच्चांकावर होती आणि वेतनवाढ मात्र मागे राहिली, असे सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२० पर्यंत लाभांशावरील कर कंपनी भरत असे. आता लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. त्यामुळे वरील बदलाचा काही भाग केवळ रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेल्याने दिसतो. मोठ्या भागधारकांवरचा बोजा या बदलाने वाढला, हेही मान्य करावे लागेल. तरीही एवढ्याने सगळी तफावत भरून निघत नाही.

कागदावरचा दर आणि प्रत्यक्ष भरणा यांतील अंतर जुने आहे. भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या, पण सवलतींच्या आधारे शून्य कर भरणाऱ्या कंपन्यांसाठी राजीव गांधी यांनी १९८७ च्या अर्थसंकल्पात किमान कराची तरतूद आणली. २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी संसदेत सांगितले होते, की कंपनी कराचा दर ३० टक्के असला तरी प्रत्यक्ष वसुली २३ टक्क्यांच्या आसपास आहे. सवलतींचा लाभ घेण्यासाठी सल्लागारांची फौज लागते आणि ती छोट्या उद्योजकाला परवडत नाही.

त्याच अर्थसंकल्पात जेटली यांनी १९५७ पासूनचा संपत्ती कर रद्द केला. २०१३-१४ मध्ये त्यातून जेमतेम १,००८ कोटी रुपये मिळाले होते. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरील कर त्याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये संपुष्टात आला होता. वसुली तुटपुंजी आणि खटाटोप मोठा, हे कारण दोन्ही वेळा पुढे करण्यात आले. संपत्ती कराबाबत ही बाजू अर्धीच आहे. १९९३ पासून त्या कायद्याच्या कक्षेत दागिने, मोटारी, शहरी जमीन अशी निवडक मालमत्ताच उरली होती आणि समभाग वगळले गेले होते. अतिश्रीमंतांची बहुतांश संपत्ती ज्या स्वरूपात असते तेच वगळल्यावर वसुली वाढणार तरी कशी?

एकट्या देशाने कर वाढवल्यास भांडवल अन्यत्र जाईल, ही भीतीही निराधार नाही. त्यामुळेच २०२४ मध्ये ब्राझीलच्या अध्यक्षतेखालील जी-२० गटापुढे फ्रेंच अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमन यांनी जगातील सुमारे ३,००० अब्जाधीशांकडून दरवर्षी त्यांच्या संपत्तीच्या किमान २ टक्के कर घेण्याचा प्रस्ताव मांडला. सहमती सहकार्याच्या आश्वासनापलीकडे गेली नाही.

बहुराष्ट्रीय कंपन्यांबाबत २०२१ मध्ये शंभराहून अधिक देशांनी १५ टक्के किमान कर मान्य केला. भारत त्या समझोत्यात सहभागी असला तरी २०२५ च्या अर्थसंकल्पानेही त्याला देशी कायद्याचे रूप दिले नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकी कंपन्यांना या व्यवस्थेतून बाजूला ठेवण्यास जी-७ देश राजी झाले. परदेशी डिजिटल कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर भारताने २०१६ पासून स्वतंत्रपणे लावलेला ६ टक्के समानीकरण कर तोपर्यंत, १ एप्रिल २०२५ पासून, मागे घेण्यात आला होता.