म्हाताऱ्या कुत्र्याचा सांभाळ

कुत्रा पाळायचा म्हटले की आपल्याकडे पिल्लूच आणले जाते. तेच पिल्लू दहा-अकरा वर्षांचे होते, डोळ्यांनी अधू होते, जिना चढताना थांबू लागते, आणि मग घरातल्या माणसांना ते जड वाटू लागते. जागा बदलली, मुले बाहेरगावी गेली, शेजाऱ्यांची तक्रार आली, अशी कारणे निघतात. जनावर एखाद्या निवारागृहात पोचते, नाही तर रातोरात परक्या वस्तीत सोडले जाते. जन्मभर घरात वाढलेल्या कुत्र्याला उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही आणि तिथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत. पाळीव जनावर असे उपासमारीला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे कर्तव्य तर १९७६ पासून राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्येच लिहिलेले आहे.

राजगृहावरील फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्यात बाबासाहेब, माता रमाई आणि कुटुंबीयांबरोबर टॉबी नावाचा कुत्राही आहे. विद्यार्थी मित्रांनी ते एकदा पुन्हा नीट पाहावे.

निवारागृहातून पिल्लाला मागणी असते, म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. वास्तविक नोकरीधंद्याच्या माणसाला म्हातारा कुत्राच सोयीचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, चपला कुरतडण्याचे वय गेलेले असते, दिवसाचा बराच वेळ तो झोपून काढतो. मोठ्या जातीचा कुत्रा सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो, लहान जातीचा दहाच्या पुढे. तेव्हा नुसते वय विचारू नये, जात आणि वजनही पाहावे.

घरी आणण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून दात, हृदय, रक्त व लघवी तपासून घ्यावी. खर्चाचा अंदाज आधीच घ्यावा, कारण हा खर्च पुढे वाढतच जातो. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना १८८६ साली सुरू झालेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रेबीजची लस वय कितीही असले तरी वेळच्या वेळी टोचावीच लागते.

आमच्या घरी बारा वर्षांची एक कुत्री आली. पहिले चार दिवस ती दाराकडे तोंड करून बसून असे. आम्ही तिला हाक मारून त्रास दिला नाही. ठरल्या वेळी अन्न ठेवले, अंथरूण एकाच कोपऱ्यात राहू दिले. पाचव्या दिवशी ती आपण होऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन आडवी झाली. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय घसरत, म्हणून आम्ही येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरले. एवढ्याशा गोष्टीने तिचे घरात फिरणे सुरू झाले. दृष्टी गेलेल्या कुत्र्याच्या घरात सामान वारंवार हलवू नये. तो वासावर आणि सवयीवर चालतो.

सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातली गोळी त्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधे कुत्र्याच्या जिवावर बेततात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. मऊ भात, उकडलेले अंडे किंवा कोंबडी, तिखटमीठ न घालता, थोडे थोडे दोन-तीन वेळा द्यावे. वजन वाढू दिले की सांध्यांवरचा भार वाढतो.

एकाएकी फार पाणी पिऊ लागला तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी. शस्त्रक्रिया न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी असे करू लागली, सुस्तावली, अन्न टाकले, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. स्राव दिसण्याची वाट पाहू नये, कारण तो कधी कधी बाहेर येतच नाही. रात्री उगाच येरझाऱ्या घालणे, कोपऱ्यात भिंतीकडे पाहत उभे राहणे, हेही म्हातारपणाचे आजार आहेत. त्याला ओरडून काही साधत नाही.

शेवटी एक वेळ येते. खाणे सुटते, उठवत नाही, वेदना औषधाला दाद देत नाही. इंजेक्शनने शांतपणे मरण द्यावे की नाही, हा प्रश्न घरातल्या सर्वांनी, मुलांसह, पशुवैद्यकासमोर बसून सोडवावा. मुलांना खोटे सांगून कुत्रा 'गावी पाठवला' असे करू नये, ती पुढे महिनोन्‌महिने वाट पाहत राहतात. आमच्याकडची कुत्री चौदा महिने राहिली. नंतर देह कुठे पुरायचा, याची चौकशी नगरपालिकेत आधीच करून ठेवावी. त्या दिवशी ती करण्याचे त्राण नसते.