दोष यंत्राचा की आज्ञावलीचा?

गुजरातमधील बारडोली सहकारी साखर कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. समजा, अशा कारखान्यात 10 हजार वजनपावत्या 10 हजार सभासद क्रमांकांशी ताडून पाहायच्या आहेत. पायथन भाषेत हे क्रमांक ‘लिस्ट’मध्ये ठेवले, तर प्रत्येक पावतीसाठी यादी आरंभापासून चाळली जाते. तुलनांची संख्या 10 कोटींपर्यंत जाऊ शकते आणि शेतकऱ्याचे ऊसबिल रखडते. तेच क्रमांक ‘सेट’मध्ये ठेवल्यास ‘हॅशिंग’मुळे क्रमांकाची जागा जवळपास थेट सापडते; काम सुमारे 10 हजार शोधांत आटोपते. फाईल अवाढव्य असल्यास ‘जनरेटर’ एकेक नोंद पुरवून संगणकाच्या स्मृतीवरील भार हलका करतो; वेग मात्र त्याने वाढेलच असे नाही. म्हणून नवा संगणक खरेदी करण्यापूर्वी पायथनमधीलच ‘सीप्रोफाईल’ वापरून वेळ नेमका कोठे खर्ची पडतो, ते मोजावे.