समोरच्या संघातला मुलगा

शाळेच्या सामन्यात प्रशिक्षकाचं लक्ष साहजिकच आपल्या मुलांवर असतं. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे प्रशिक्षक दिनेश लाड मात्र समोरच्या संघालाही तितक्याच बारकाईने न्याहाळत. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरकडून खेळणाऱ्या एका मुलाने त्यांच्याच संघाविरुद्ध ७८ धावा केल्या, वर पाच बळी घेतले. पालघरजवळच्या माहीमचा तो शार्दूल ठाकूर. लाडांनी ठरवलं, हा मुलगा आपल्या शाळेत हवा.

हे त्यांनी आधीही केलं होतं. १९९९ मध्ये समोरच्या संघातला एक छोटा ऑफस्पिनर त्यांच्या नजरेत भरला. शाळेची फी परवडणार नाही म्हटल्यावर त्यांनी ती माफ करून घेतली. पुढे एक दिवस तोच मुलगा बॅटने नॉकिंग करताना दिसला. बॅट इतकी सरळ येत होती की गोलंदाज म्हणून आणलेल्या पोराला त्यांनी फलंदाजीत वर पाठवलं. तो रोहित शर्मा!

मुंबईचं शालेय क्रिकेट या नजरेवरच चालतं. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड या शंभरी ओलांडलेल्या स्पर्धा. सचिन आणि विनोद कांबळीची १९८८ ची ६६४ धावांची भागीदारी हॅरिस शील्डमधलीच. तिथे खेळलात तर दिसलात. पण पालघरच्या मुलाने तिथवर पोहोचायचं कसं? डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ मध्ये. त्याआधी किटबॅग सांभाळत शटल किंवा पॅसेंजर गाठायची, पुढे विरारला गाडी बदलायची. हे रोज, आणि वर शाळा! घरचे कचरले, यात नवल ते काय. तेव्हा लाडांनी शार्दूलला आपल्या घरीच ठेवून घेतलं. त्यांचा मुलगा सिद्धेश, जो पुढे मुंबईकडून रणजी खेळला, साधारण त्याच वयाचा. दुसऱ्याचा वाढत्या वयाचा मुलगा घरात घ्यायचा, त्याचं जेवणखाण, अभ्यास, आजारपण बघायचं. प्रशिक्षणाच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं? पुढे लाडांच्या शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये शार्दूलने एका षटकात सहा षटकार मारले.

मग सप्टेंबर २०२१, लंडनचं ओव्हल मैदान, इंग्लंडविरुद्धची कसोटी. भारताचा डाव कोसळत असताना शार्दूलने ३१ चेंडूंत अर्धशतक ठोकलं. दुसऱ्या डावात रोहितच्या १२७ धावा, परदेशातलं त्याचं पहिलं कसोटी शतक. शार्दूलच्या पुन्हा ६०. शेवटच्या दिवशी जो रूटचा त्रिफळा उडवला तोही शार्दूलनेच. भारत १५७ धावांनी जिंकला. बोरिवलीतल्या एका शाळेची दोन मुलं, एकाच कसोटीत! मला तरी याने थक्क व्हायला होतं.

लाडांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पुरस्कार प्रशिक्षकाला मिळाला. माझ्या लेखी त्यातला अर्धा वाटा त्यांच्या घरातल्या माणसांचा आहे.