बरं न होणाऱ्यांचा विश्वास

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा दर सप्टेंबरात भरते. माउंट मेरीच्या चढणीवर मेणबत्त्यांची दुकानं लागतात आणि त्यांत मेणाचे अवयवही मांडलेले असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, हात मोडला असेल तर मेणाचा हात, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. ख्रिस्ती असो, हिंदू असो की पारशी, कोणीही विकत घ्यावं आणि मारियेच्या पायाशी ठेवावं. नवस सरळ असतो: एवढं बरं कर, पुढच्या वर्षी पुन्हा येईन. पण वर्षानुवर्षं मुरलेल्या संधिवाताला, ल्युपसला, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला नेणाऱ्या मूत्रपिंडाला, झोपून उठल्यावरही न उतरणाऱ्या थकव्याला मेणाचा कोणता आकार द्यायचा? हे आजार बरे होत नाहीत, फार तर आटोक्यात राहतात. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात नुसते मधुमेहीच 10 कोटींच्या वर आहेत. म्हणजे 'लवकर बरे व्हा' ही शुभेच्छा ज्यांना लागूच पडत नाही, अशांची संख्या एखाद्या मोठ्या देशाएवढी आहे. यांतल्या ज्यांची ख्रिस्तावर श्रद्धा आहे, त्यांना तिच्यातून धीर मिळतो तो नेमका कशातून? माझं म्हणणं असं की, बरं करण्याच्या आश्वासनातून तो फारसा मिळत नाही. मागितलेलं बरेपण जिथे मिळालं नाही, बायबलातल्या आणि ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातल्या अशा पानांतून तो मिळतो. आणि ती पानं पुष्कळदा आजारी माणसांनीच लिहिलेली आहेत.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावंतांकडूनच येईल, आणि तो जोरदार आहे. येशूनं आजारी बरे केले; ते प्रसंग वगळले तर शुभवर्तमानं निम्मी रिकामी होतील. आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, बारा वर्षं रक्तस्रावानं गांजलेली ती स्त्री. मार्क लिहितो की, तिनं वैद्यांपायी होतं नव्हतं ते घालवलं आणि दुखणं उलट वाढलं. परंपरेनुसार स्वतः वैद्य असलेला लूक मात्र हा शेरा बराच सौम्य करतो. व्यवसायबंधूंची बाजू तेव्हाही सांभाळली जात असावी! तेव्हा बरं करणं हा या श्रद्धेचा गाभ्यातला भाग आहे, हे मान्यच. पण योहानाच्या पाचव्या अध्यायातलं बेथेस्दाचं तळं नीट पाहा. पाच पडव्या, त्यांत आंधळ्या-लंगड्यांची दाटी. त्या दाटीतल्या एका माणसाशी, 38 वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एकाशी, येशू बोलतो आणि त्याला उठवतो. बाकीच्यांचं काय झालं, हे योहान सांगत नाही. जुनाट आजाराचा वाचक या गोष्टीत शिरतो तो बहुतेक वेळा त्या बाकीच्यांच्या बाजूनं. पुढे नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? 'मागच्या जन्मीचे भोग' ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दीर्घ आजारी माणसाला या धर्मात मिळणारा पहिला दिलासा हाच आहे: आजार ही शिक्षेची पावती नाही.

दुसरा पुरावा पौलाचा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातल्या काट्याविषयी लिहितो. तो काटा काय होता यावर शतकानुशतकं तर्क चालले आहेत. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतं, कोणी हिवताप, कोणी फेफरं. निकाल लागलेला नाही, आणि ते बरंच आहे. आजाराचं नाव कळलं असतं तर तो काटा फक्त त्याच आजाराच्या रुग्णांचा होऊन बसला असता. पौल सांगतो की, हा काटा निघावा म्हणून आपण तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळालं ते एवढंच की, कृपा पुरेल आणि दुर्बळपणातच देवाचं बळ पुरं होतं. आता हाच पौल प्रेषितांच्या कृत्यांत असा दिसतो की, त्याच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन लोक आजाऱ्यांवर ठेवत आणि ते बरे होत. पण त्याच्या नावावरच्या पत्रांत त्रोफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवावं लागलेलं आहे, एपफ्रदीत मरता मरता वाचलेला आहे आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारींवर व वरचेवरच्या दुखण्यांवर थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती सल्ला आहे. तुझा विश्वास कमी पडला, असं यांतल्या एकालाही सुनावलेलं नाही. 'विश्वास असता तर बरा झाला असतास' हे वाक्य ज्यांच्या तोंडात बसलं आहे, त्यांनी ही तीन नावं शोधून वाचावीत.

ईयोबाच्या पुस्तकात तर या वाक्याचा खटलाच चालतो. अंगभर गळवं उठलेल्या ईयोबाकडे तीन मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. मग ते बोलायला लागतात आणि सगळं बिघडतं. काहीतरी पाप केलं असशील, कबूल कर, सुटशील, हे ते नाना परींनी सांगत राहतात. शेवटी देव रागावतो तो या देवभीरू मित्रांवर. त्याच्याशी कडाकडा भांडलेला ईयोब मात्र योग्य बोलला असा निवाडा होतो. स्तोत्रसंहितेतही गाऱ्हाण्यांची स्तोत्रं थोडीथोडकी नाहीत, आणि 88 वं स्तोत्र तर कोणताही आशेचा सूर न लावता अंधारातच संपतं. ज्या मंडळीनं ते उपासनेच्या पुस्तकातून काढलं नाही तिनं आजाऱ्यांवर मोठे उपकार केले. विठ्ठलाशी उघड भांडणाऱ्या तुकोबांचे अभंग ज्या भाषेत घरोघरी आहेत, तिच्यात हे समजायला जड जाऊ नये.

आता आजारी लेखकांकडे येऊ. एमी कारमायकल ही उत्तर आयर्लंडची मिशनरी 1895 साली भारतात आली आणि तामिळनाडूतल्या दोहनावूर इथे तिनं देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींसाठी आश्रयस्थान उभं केलं. ऑक्टोबर 1931 मध्ये ती एका खड्ड्यात पडली. पाय मोडला, पुढे एकातून एक दुखणी निघत गेली आणि 1951 च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंतची जवळजवळ वीस वर्षं तिनं मुख्यतः आपल्या खोलीत काढली. सल्ले आणि पुस्तिका भरपूर येत होत्या. तिची तक्रार अशी की, हे सगळं धडधाकट माणसांनी आजाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. वेदना चालू असताना ते कामाला येत नाही. म्हणून 1933 साली तिनं 'रोज फ्रॉम ब्रायर' हे पुस्तक काढलं, ते आजारी माणसानं आजाऱ्यांसाठी लिहिलेलं. धीर कोण देतं याला काय दिलं जातं याइतकंच महत्त्व आहे, हा मुद्दा तिनं फार लवकर हेरला. आज जगभर रुग्णांचे आधारगट याच पायावर उभे आहेत.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1883 साली त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्यानं इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे तो रस्ता बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ऐकू येणं सुधारलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथे अंध मुलींनाही शिक्षण मिळू लागलं, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपण शंभर वर्षं वाद घातले. त्यांच्या बहिरेपणाकडे मात्र चरित्रातली एक तपशिलाची ओळ म्हणूनच पाहिलं गेलं.

बुद्धिवादी वाचक इथे थांबवून विचारेल की, कथा पुरे, प्रार्थनेनं आजाऱ्याला फरक पडतो का ते सांगा. प्रश्न रास्त आहे आणि तो तपासलाही गेला आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवरचा अभ्यास हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केला. एका गटासाठी त्रयस्थांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, पण आपण कोणत्या गटात आहोत हे या दोघांनाही ठाऊक नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्यात 52 टक्के, दुसऱ्यात 51. म्हणजे फरक नाहीच. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार, असं सांगितलेल्या तिसऱ्या गटात ते 59 टक्के निघालं. प्रार्थना औषधासारखी मोजायला गेलं की असं होतं, आणि पौलाच्या काट्याकडे पाहता ख्रिस्ती माणसाला यात धक्का बसण्याचं कारण नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो केनेथ पार्गामेंट यांचा 2001 चा अभ्यास. रुग्णालयात दाखल झालेल्या, 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. देवानं आपल्याला टाकलं का, असा प्रश्न ज्यांना सतावत होता त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी जास्त आढळला. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण एवढं दिसतं की, श्रद्धा ही सरसकट टॉनिक नाही. आजाऱ्याच्या मनात देवाचं कोणतं चित्र रंगवलं जातं, याला जिवाशी खेळणारं वजन आहे.

म्हणूनच स्टेजवरून चमत्कार जाहीर करणाऱ्या सभांवरचा माझा आक्षेप निव्वळ विवेकवादी नाही. त्या सभेत न उठलेल्या माणसाला घरी जाताना मिळते ती नेमकी ही भावना, की देवानं मला टाकलं किंवा मी कमी पडलो. केट बोलर या ड्यूक विद्यापीठातल्या इतिहासकार. 'विश्वास ठेवा, आरोग्य आणि पैसा मिळवा' या अमेरिकी शिकवणीचा इतिहास त्यांनी 2013 साली लिहिला. दोनच वर्षांनी, पस्तिशीत, त्यांना चौथ्या टप्प्यातला आतड्याचा कर्करोग निघाला. त्यानंतरच्या पुस्तकात त्यांनी ख्रिस्तावरचा विश्वास सोडला नाही. सोडला तो प्रत्येक दुःखामागे काहीतरी हेतू असतोच हा हट्ट. आपल्याकडे मधुमेह, कर्करोग असे आजार मंत्र-ताईतांनी बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. ती पाळायला चर्चनं पोलिसांची वाट पाहू नये.

उलट बाजूनं येणारा आक्षेप अधिक टोचरा आहे. बरेपणाची आशा काढून घेतली की उरतं काय? सोसणं. आणि सोसण्याचा गौरव करून धर्मानं दुबळ्यांना, विशेषतः बायकांना, गप्प बसवलंच ना? होय, बसवलं. 'हा तुझा क्रूस आहे' असं म्हणून साधी वेदनाशामक गोळीही उशिरा दिली गेलेली घरं आणि मठ होते, हे नाकारून चालणार नाही. पण काटा न निघाल्यावर पौल खाटेवर पडून राहिला नाही, आणि वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीसही नाहीत. 1954 साली मोटार अपघातात त्यांच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. शस्त्रक्रिया करायला हात मोकळे होते. डॉ. पॉल ब्रँड यांच्या मार्गदर्शनाखाली चाकाच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात सरळ करू लागल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला त्या शास्त्राची पायाभरणी केली. 1972 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या श्रद्धेत 'मी बरी होईन' नव्हतं. त्यामुळेच 'बरी झाले की करीन' हेही नव्हतं.

एक शंका उरते. सोबत, गाऱ्हाणं मांडायची मुभा, काम हे सगळं भजनी मंडळातही मिळतं, जिवाभावाच्या मित्रांतही. यात ख्रिस्ती असं काय? बरंचसं नाही, आणि त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र खास आहे. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू थोमाला आपल्या हातांच्या आणि कुशीच्या जखमा दाखवतो. मरणातून उठलेल्या, सर्वार्थानं नव्या झालेल्या देहावरही खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. जन्मापासून हाडांच्या व्यंगासह जगलेल्या समाजशास्त्रज्ञ नॅन्सी आइसलँड यांनी 1994 साली 'द डिसेबल्ड गॉड' या पुस्तकाचा डोलारा पुनरुत्थित ख्रिस्ताच्या याच जखमांवर उभारला: ख्रिस्ती माणूस ज्याची उपासना करतो, तो देव स्वतः अपंग देहानं समोर येतो. ज्याच्या पोटावर डायलिसिसच्या कॅथेटरचा व्रण आहे किंवा ज्याची बोटं संधिवातानं वाकली आहेत, त्याला हे चित्र काय देत असेल, हे धडधाकटांनी ठरवू नये.

धर्मगुरूंना, पाळकांना आणि प्रार्थनासभा चालवणाऱ्यांना म्हणून तीन विनंत्या. आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेच्या यादीत पहिले दोन महिने नाव असतं, मग ते गळतं. जुनाट आजाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं राहू द्या. साक्ष द्यायला बरे झालेल्यांना बोलावता, तसं अधूनमधून बरे न झालेल्यांनाही बोलवा. आणि इन्शुलिन, फिटच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्याही विश्वासाची परीक्षा म्हणून बंद करायला सांगू नका. तीमथ्यालाही पोटासाठी औषधच सांगितलं होतं.